खडा माझाच

"खड्याला शिव्या देऊ नका. त्याला तिथं राहू कोणी दिलं, ते विचारा."

रूडी कोवॅच हे रोज एकदा तरी म्हणायचा, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचा. कारण ट्रॅस्कव्हिलच्या बेसबॉल मैदानाची माती माझ्या हातात होती. सत्तावीस वर्षं मी ती चाळली, भिजवली, सपाट केली. मक्याला आयोवात याहून चांगली माती मिळेल. चेंडूला मिळणार नाही.

रूडी दुसऱ्या बेसजवळ उभा राहायचा. वय छत्तीस, कोळशाच्या खाणीवर वाढलेला, पंधरा वर्षांत नऊ गावांच्या संघांतून पगारावर खेळून आमच्याकडे आलेला. बॅट त्याला कधी वश झाली नाही, म्हणून मोठ्या संघांचं बोलावणं कधी आलं नाही. पण त्याचे हात! जमिनीलगत सणसणत आलेला चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये असा शिरायचा, जशी संध्याकाळी गाय आपल्या गोठ्यात शिरते. मी नळी हातात धरून बघत राहायचो आणि माझेच बूट भिजायचे.

दर डावाला मैदानात उतरला की तो आपल्या वाट्याची माती नजरेनं विंचरायचा. खडा दिसला की मागच्या खिशात.

"कोवॅच, अंडी सापडली का रे?" लोक ओरडायचे.

"सापडली तर तुलाच देतो, उबवत बस!"

त्या वर्षी, एकाहत्तर साली, अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर चेंडू हातून सुटल्याची एकही चूक लागली नव्हती. आमच्या लीगमध्ये दुसऱ्या बेसवरच्या कोणालाच हे आजवर जमलं नव्हतं. एकच सामना उरला होता. पुढच्या वर्षी त्याला ठेवणार नाहीत, हे त्याला सांगून झालं होतं. तो दिवस निर्मळ गेला की लीगच्या पुस्तकात त्याचं नाव कायमचं छापलं जाणार होतं. एरवी ते वर्तमानपत्रात यायचं, तेही कधी कोवाक, कधी कोविच.

त्या शेवटच्या सामन्याचे आठ डाव निर्मळ गेले. पण लोकांचं लक्ष आमच्या पिचरकडे, चेंडू टाकणाऱ्या पोराकडे, लागलं होतं. ड्वेन ट्रिबल, विशीचा, डुकरं पाळणाऱ्या घरातला, लाजरा. त्यानं समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, दिली नव्हती; नऊच्या नऊ डाव हे साधणं म्हणजे जन्मात एकदा. असं चाललेलं असताना पिचरशी कोणी बोलत नाही. बोललं की दृष्ट लागते. बाकावर पोर एकटं बसलं होतं, देवीचा रोग झाल्यासारखं.

नवव्या, शेवटच्या डावाला ड्वेन चेंडू हातातच फिरवत उभा राहिला, टाकेना. रूडीनं माती बघितली नाही. तो सरळ त्याच्याकडे गेला.

"काय रे, आज घरी डुकरांना खायला कोण घालतंय?"

"आई," ड्वेन म्हणाला, आणि हसला.

मागून कोणीतरी बोंबललं, "म्हाताऱ्या, तोंड मीट!" पण पोरानं चेंडू टाकायला घेतला होता. दोन बॅटर झटक्यात बाद झाले.

तिसऱ्यानं चेंडू थेट रूडीकडे मारला. साधा, सरपटता. रूडी वाकला, आणि चेंडू उसळून त्याच्या खांद्यावरून मागे गेला. बॅटर पहिल्या बेसवर पोचला.

सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. मातीतल्या खड्यानं चेंडू उसळला, तर ती बॅटरची हिट. ड्वेनचा सामना नासला, रूडीचं पुस्तक निर्मळ. नाहीतर ती रूडीची चूक, आणि ड्वेनचा सामना शाबूत. ठरवणार हॅगर्टी, कुंपणामागे वही घेऊन सामन्याची नोंद ठेवणारा आमचा बातमीदार. तो उभा राहिला.

"रूडी, उसळला ना?"

रूडीनं वाकून काहीतरी उचललं आणि मागच्या खिशात टाकलं.

"सरळ आला. मीच चुकलो."

"नीट सांग. तुझं पुस्तक—"

"चूक लिही रे बाबा. ऊन उतरायला लागलंय."

हॅगर्टीनं लिहिलं. पुढच्या बॅटरचा उंच फटका झेलला गेला, सामना संपला आणि सगळा गाव ड्वेनला खांद्यावर घ्यायला धावला.

रूडी माझ्याकडे आला. माझ्या तळहातावर त्यानं खडा ठेवला. पांढरा, धारदार. माझ्या मातीत असले खडे नाहीत.

"खडीच्या रस्त्यानं आणलीस ना जाळी?"

सहाव्या डावानंतर माती सपाट करायला मी लोखंडी जाळी फिरवली होती. ती गवतावरून ओढत आणायची, हे मला त्यानंच शंभरदा बजावलेलं. रस्ता जवळचा होता.

"हो," मी म्हणालो. "मी हॅगर्टीला सांगतो. आत्ताच."

"काय सांगशील? वेचायचं काम माझं होतं. माझाच तो."

"अरे, नाव गेलं तुझं!"

"चुकीचंच छापलं असतं, एल्मर."

मग त्यानं पिशवीला ग्लव्ह बांधला आणि बसच्या थांब्याकडे निघाला. खडीचा रस्ता जवळचा होता. तो गवतावरून गेला, खाली बघत. मधे एकदा वाकला, काहीतरी उचललं, खिशात टाकलं.

कुंपणामागे हॅगर्टी पेन्सिल धरून उभा होता. मी टोपी काढली होती. आम्ही दोघंच बघत होतो.