पाहुण्यांसाठी नेलेला सोफा

नातवंडांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही फोन हळूच भिंतीकडे वळवलात. पलंगावरचा कपड्यांचा ढीग मला त्याआधीच दिसला होता. त्यावरून परतूरची आमची शेजारीण आठवली, म्हणून आजच लिहायला बसले.

"हाय ते हाय बाई, झाकायचं काय?" हे तिचं नंतरचं पालुपद. पण त्याआधी झाकण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. दारातल्या दोरीवर ती फक्त नव्या साड्या वाळत घालायची, न धुतलेल्यासुद्धा. पाहुणे येणार असले की आमच्याकडचे कप, पडदे, भिंतीवरचं घड्याळ तिच्या घरी जायचं.

लेकीला पाहायला वाटूरचे लोक येणार होते. आधीची दोन स्थळं परत गेलेली, म्हणून या वेळी तिनं आमचा सोफाही नेला. नवऱ्याला बजावलं, "तुम्ही बोलू नका, नुसतं हसा." तो बिचारा पाहुणे यायच्या आधीपासूनच हसत बसला. मी पोहे वाढायला होते.

मुलाची आई सोफ्यावरून हात फिरवत म्हणाली, "लई भारी हाय. कुठून घेतला?"

"जालन्याहून. मागच्याच दिवाळीत."

तेवढ्यात तुमचे आजोबा आले. त्यांचा चष्मा सापडत नव्हता. सगळ्यांना नमस्कार करून ते मुलाच्या आईला म्हणाले, "जरा सरकता का?" मग सोफ्याच्या फटीत हात घातला, चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि निघून गेले.

लेक चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं, पदरानं कपाळ पुसलं.

"सोफा ह्या बाईंचा हाय. कपबी त्यांचेच. पडदेबी. पोरगी तेवढी माझी."

मुलाच्या आईनं पाय वर घेऊन सोफ्यावर ऐसपैस मांडी घातली आणि मुलाकडे वळली. "मंग बरं झालं! काढ रे तो कोट, उकडून राह्यलं ना तुला? दाजींचा हाय, डाग पडंल."

लग्न ठरलं. तेव्हापासून शेजारीण सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची, आणि तो पाणचट झाला असेल तर आधीच सांगायची. "बाई, खरं बोललं की घर आवरावं लागत न्हाई," हे ती मला ऐकवायची. माझ्या घरात चमच्यांच्यासुद्धा जागा ठरलेल्या!

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सोफा त्याआधीच मोडीत गेला होता. वाटूरला तिची लेक आल्यागेल्याला सतरंजी अंथरते आणि कोणी न विचारता सांगते, "आमचीच हाय."