पिवळ्या फडक्यातली वर्गणी

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. सोलापूर-मंगळवेढा गाडीच्या गर्दीत लोकांकडून पैसे मागताना कधी लाज वाटली नाही, कारण बदल्यात तिकीट देत होतो. निवृत्तीनंतर मुलीनं मला बिनतिकिटाची वसुली करायला लावली. ती एकटी होडी वल्हवत अटलांटिक महासागर पार करणार होती. त्या निमित्तानं जमणाऱ्या वर्गणीतून सोलापूरजवळच्या कुंभारी गावात बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी दम्याचा दवाखाना काढायचा होता. तिची आई त्याच बायकांत बसून बिड्या वळायची, आणि दम्यानंच गेली. त्यामुळे मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. अशा गावच्या पोरीला समुद्राचं वेड कुठून लागलं, असं लोक विचारायचे. पुण्याला शिकायला पाठवली, तिथं नदीवर वल्हवायला शिकली, चूक माझीच, असं मी सांगून मोकळा व्हायचो.

ती तिकडं वल्हवत होती आणि मी इकडं उन्हातून दारोदार हिंडत होतो. व्यापारी चहा पाजायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि पोरगी पलीकडं पोचल्यावर या म्हणायचे. कुंभारीच्या बायकांचं आणखीनच वेगळं. त्यांनी नवस बोलला. एकेकीनं आपले पैसे हळद लावलेल्या फडक्यात गाठ मारून देव्हाऱ्यात ठेवले. पोरीचं नीट होऊ दे, मग गाठ सोडू, असं सांगितलं. नवसाची गाठ मधेच सोडत नाहीत, हे मलाही कळतं. प्रत्येक घरात पैसे डोळ्यांना दिसत होते आणि हात लावता येत नव्हता. पाय सुजायचे. संध्याकाळी भाकरी चावायचाही कंटाळा यायचा. त्या बायकांचा मला राग आला होता, आणि देवाचाही.

मुलगी दर रविवारी उपग्रहाच्या फोनवरून बोलायची. चाळीस दिवस उलटल्यावर तिचा आवाज बसत चालला. खाऱ्या पाण्यानं अंगभर फोड आले होते, हातावरचे पिकले होते, ताप उतरत नव्हता. मग एका सकाळी मोहिमेच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. जवळून एक जहाज जात होतं, ते तिला उचलून घ्यायला तयार होतं, पण तीच ऐकत नव्हती. हे जहाज पुढं गेलं की दुसरं कधी येईल सांगता येत नाही, तुम्ही बोलून बघा, असं तो म्हणाला.

दुपारी फोन लागला. तिनं तब्येतीचं काही सांगितलंच नाही.

"अप्पा, किती जमले?"

पाव हिस्साही जमला नव्हता. तसं सांगितलं असतं तर तिनं वल्हं सोडलं नसतं. हट्टाच्या बाबतीत ती आईवर गेली आहे.

"सगळे जमले," मी म्हणालो. "दवाखान्याचं पक्कं झालं. आता घरी ये."

पलीकडं ती रडली आणि बरं म्हणाली. नोकरीत मी एका तिकिटाची लबाडी केली नव्हती. त्या दिवशी पोटच्या पोरीशी खोटं बोललो आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

ती आली. हात बघवत नव्हते. खरं काय ते सांगायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिलो. तोवर व्यापाऱ्यांनी माझे फोन उचलणं सोडून दिलं होतं. आठ दिवसांनी कुंभारीची एक मावशी आली. मुलीच्या आईच्या शेजारी बसून हिनं बिड्या वळलेल्या. तिनं पिशवीतून वस्तीतल्या सगळ्यांची पिवळी गाठोडी काढून मुलीपुढं ठेवली. हे पैसे कशाचे, असं मुलीनं विचारलं.

"तुज्या वर्गणीचे. घे की."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

"पण मावशी, मी पोचलेच नाही. अर्ध्यातून उचलून आणलं मला."

"घरी आलीस की. आमी तुज्यासाटी नवस बोललो हुतो. त्या समुद्राचं आमाला काय करायचं हाय?"

इतकी वर्षं गाडीत वावरून आपल्याला माणसं कळतात, असा माझा समज होता. या बायकांना मी व्यापाऱ्यांच्या रांगेत बसवलं होतं. मला फार लाज वाटली.

चहा घेऊन मावशी गेली. मुलगी तिथंच बसून होती.

"म्हणजे जमले नव्हते."

"नव्हते. आता हे धरूनसुद्धा निम्मे होत नाहीत."

"मी पोचले असते, अप्पा."

पोचलीही असती. मी वाद घातला नाही. तिला माझा राग आला होता आणि तो बरोबरच होता. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा खोटंच बोलेन.

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण हाताची पट्टी एकट्यानं बांधता येत नाही. सकाळ-संध्याकाळ ती तोंड फिरवून हात पुढं करायची, आणि मी बांधून द्यायचो.