दर्भाचा कावळा

आमच्या दादाला सगळा तालुका साहेब म्हणतो. मी म्हणत नाही. उसाच्या पाण्याला दारं धरताना गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले त्याचे पाय मी पाहिलेत, आणि तेव्हा तो आत्तापेक्षा सुखी होता हे माझं ठाम मत आहे. कुणाला पटो न पटो.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. सरपंचकीला कुणी उभंच राहीना, म्हणून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनीच, दादाला उभा केला. त्यासाठी ते पुढं आयुष्यभर स्वतःला बोल लावत राहिले. सरपंचाचा तो पंचायत समितीचा सभापती झाला, मग जिल्हा परिषदेत गेला, मग आमदार. बिऱ्हाड आधी शिरूरला हललं, मग पुण्यातल्या फ्लॅटमध्ये. रान वाटेकऱ्याकडं गेलं. आई वारल्यावर घरात आबा एकटेच उरले. दर निवडणुकीआधी ते म्हणायचे, "आता बास कर. घरी ये, रानात लक्ष घाल." आणि दादा म्हणायचा, "एवढी टर्म होऊ द्या, आबा."

त्याचं राजकारण कशावर चाललं म्हणाल, तर दहाव्यांवर. आमच्याकडं पुढाऱ्याचं एखादं लग्न चुकलं तर लोक पोटात घालतात, दहावा चुकलेला विसरत नाहीत. सकाळी नदीच्या घाटावर जायचं, माईकवर मयताबद्दल चार शब्द बोलायचे, पिंडाला कावळा शिवला की गाडी पुढच्या गावाला. कावळा अडून बसला तर दादाच पुढं व्हायचा. गेलेल्याची काय इच्छा राहिली ते घरच्यांना विचारायचं आणि पिंडापुढं हात जोडून शब्द द्यायचा. पोरीचं लग्न लावून देतो, पोराला कारखान्यात चिकटवतो. साहेबांनी शब्द दिला की कावळा येतोच, असं बोललं जायचं. पुढं त्या पोराचं काय झालं ते बघायला कावळा थोडाच थांबतो.

मागच्या निवडणुकीत दादा पडला. आबांना वाटलं, आता तरी येईल. तो आला नाही, आणि आबांनी अंथरूण धरलं. मी त्यांना माझ्याकडं दौंडला आणलं. आमचे हे रेल्वेत, क्वार्टर लहान, पण आबांची खाट खिडकीशी टाकली. गाडीची शिटी झाली की विचारायचे, "पुण्याची हाय का गं?"

"व्हय, आबा."

"मग आला आसंल."

दादा यायचा, नाही असं नाही. उभ्या उभ्या यायचा, फोन कानाला लावून. शेवटी शेवटी आबांचं एकच चाललेलं, त्याला घरी आण. मी ते दादाला त्यांच्यादेखत सांगितलं. "एवढी टर्म," तो म्हणाला. आमदारकी गेली होती, तरी तोंडात टर्मच. त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा गेले.

दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षाची तिकिटं ठरायचे दिवस होते, त्यामुळं गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं आलेली. भाषणं संपता संपेनात. त्यातल्या निम्म्यांनी आबांना कधी पाहिलंही नव्हतं. मग पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, भरपूर होते. एकही खाली येईना.

दादानं हात जोडले. "आबा, घाटाला पायऱ्या बांधतो." काही नाही. "तुमच्या नावानं शाळेला खोली देतो." काही नाही. वाटेकऱ्यानं रडत रडत सांगितलं की रान पडीक पडू देणार नाही. तरी नाही. शेवटी मी दादाच्या कानाशी गेले. म्हटलं, "घरी येतो म्हण. तेवढंच राहिलंय त्यांचं."

त्यानं ऐकलं. मागं वळून पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीकडं बघितलं, मग पिंडाकडं. जोडलेले हात सोडले. मग गुरुजींना म्हणाला, "ऊन चढलं. दर्भाचा करा."

कावळा येतच नसला की हा शेवटचा उपाय. गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला, दादानं तो पिंडाला लावला, आणि माणसं जेवणाच्या मांडवाकडं निघाली. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. मी त्याला गाडीपाशी गाठलं.

"लोकांच्या बापांना रोज शब्द देतोस," मी म्हणाले. "सख्ख्या बापाला एक देववला नाही तुला? तिकीट जाईल म्हणून?"

डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. असा तो हुबेहूब आबांसारखा दिसत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिकिटाचं सोड. म्हणलो आसतो तर आठ दिसात इसरले आसते लोक. पर मी येणार न्हाई, ठावं हाय मला. आबा जित्ते व्हते तवर दर टायमाला त्यांच्याशी खोटं बोललो. आता मेल्यावर बी बोलू का?"

पुण्याला पक्षाची बैठक होती. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि तो आत बसला. जिभेवर आलेल्या शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या. दादा माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि त्याहून त्याचं खोटं बरं होतं. निदान आबा त्याची वाट तरी बघत बसले.