केजी टीचरचा रिपोर्ट

"माझ्या टीबीचं शाळेत कुणी सांगितलं?" डॉक्टरांच्या केबिनचं दार लावून घेत स्टेलाने आम्हा दोघांना विचारलं.

स्टेला आमच्या पापडी गावातल्या एका शाळेत केजीची टीचर, कॉन्ट्रॅक्टवर. एका पालकाने तक्रार केली आणि प्रिन्सिपलनी तिला घरी बसवलं. तिचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं, तेही अडलं. खरं तर तिला गळ्यातल्या गाठींचा टीबी होता. तो खोकल्यातून पसरत नाही. पण टीबी म्हटल्यावर पुढचं ऐकतो कोण?

आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी हेड नर्स. रिपोर्ट रिसेप्शनच्या मोबाइलवरून पेशंटला वॉट्सॲप करायचा, ही आमची पद्धत. तो मोबाइल कविताकडे असायचा. कविता नालासोपाऱ्याची, नुकतीच लागलेली. माझा संशय थेट तिच्यावर गेला. बाकी सगळा स्टाफ गावातला. आपली माणसं कशाला बोलतील, हे मी धरूनच चालले होते.

मी कविताला केबिनमध्ये बोलावून तिच्याकडून मोबाइल घेतला. आधी 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहिली. म्हणजे हेच वॉट्सॲप आणखी कुठे उघडं आहे का, त्याची यादी. तिथे फक्त रिसेप्शनचा कंप्युटर होता. रिपोर्टही एकदाच गेला होता, स्टेलाच्याच नंबरवर. तरी माझं समाधान होईना.

"डिलीट केलंस काय गं काही?"

"आईशप्पथ नाही, सिस्टर. मला काय मिळणार त्यात?"

"मग तुझा स्वतःचा फोन दाखव."

तिने दाखवला. तिचे डोळे भरून आले होते. मला तेही नाटक वाटलं.

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "स्टेला, त्या पालकाकडे नेमकं काय आलंय, ते मागव बघू."

दहा मिनिटांत स्क्रीनशॉट आला. रिपोर्ट नव्हताच तो, फॉरवर्ड केलेला मेसेज होता. स्टेलाने वाचला, "पापडीतल्या आपल्या एका केजी टीचरसाठी प्रार्थना करा. गळ्यात टीबीच्या गाठी निघाल्यात. सहा महिने औषधं आहेत."

शब्द माझे होते. चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर मीच टाकलेले. आजाऱ्यासाठी अशी विनंती करायची आमच्याकडे रीतच आहे. नाव लिहिलं नाही, म्हणजे गुप्तता पाळली, असं मी समजत होते. पण पापडीत केजीच्या टीचर आहेत किती? आणि त्यातली गळ्याला बायोप्सीची पट्टी लावलेली एकच.

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं. कविताकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

स्टेला चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्यासाठीच लिहिलंत ना, सिस्टर? मग मला एकदा विचारायचं तरी."

तिच्या परवानगीने डॉक्टरांनी प्रिन्सिपलना पत्र दिलं. आठवड्यात ती शाळेत परतली, कॉन्ट्रॅक्टही झालं. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. सगळ्या स्टाफसमोर मी कविताची माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली. माझ्याशी कामापुरतंच बोलते.

स्टेलाने पुढची ट्रीटमेंट विरारला घेतली. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते. टाइप मात्र करत नाही.