आठ वाजताच्या सायकली

धोंडीराम पगारे कारखान्याच्या कुंपणापाशी उभा राहून सायकली मोजत असे. ओठ न हलवता. ओठ हलले की माणूस अडाणी दिसतो, असं त्याला वाटे.

हे त्याचं कामच होतं. नाशकात मेन रोडवर एका अंधाऱ्या जिन्याच्या वर एक कचेरी होती. लोकांनी आपले पैसे कुठल्या कंपनीत ठेवावेत, याचा सल्ला ती विकत असे. १९७३ साली धोंडीराम तिथं टायपिस्ट म्हणून लागला. पुढच्या वर्षी मालकांनी त्याला एक लखोटा देऊन सातपूरच्या एका कारखान्यात पाठवलं. साहेब भेटेपर्यंत तो फाटकाबाहेर तीन तास बसला. परत आला आणि म्हणाला, "शेठ, त्यांच्या अहवालात साडेतीनशे कामगार आहेत. स्टँडवर सायकली एकशे दहा. आणि फाटकावरच्या चहावाल्यानं उधारी बंद केलीय."

सहा महिन्यांत तो कारखाना बसला. शेठनी पैसे आधीच काढून घेतले होते. धोंडीरामला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि कागदावर एक पद मिळालं: गुंतवणूक विश्लेषक.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत हे पद कुणाच्या जिभेवर बसेना. "धोंडीराम आकडे लावतो म्हणं," विहार समितीचे म्हातारे अध्यक्ष भिमाजीतात्या म्हणायचे. "मग एवढ्या वर्षांत ह्याचा एकदा तरी ओपन कसा लागला नाय?" धोंडीराम हसायचा नाही. मटक्याशी आपलं नाव जोडलेलं त्याला विनोदातसुद्धा खपत नसे.

त्याची रीत ठरलेली होती. आठच्या भोंग्याला पोचायचं, सायकली मोजायच्या आणि दहाचा चहा होईपर्यंत तिथंच थांबायचं. चालू कारखाना चपलेच्या तळव्याला कळतो, असं तो म्हणे. जमीन बारीक थरथरते. दहाला चहाचे किती ग्लास आत गेले, ते बघायचं. मग हे सगळं घरी ग्राफपेपरवर उतरवायचं. त्याच्या पुढच्या खोलीच्या भिंतींवर देवादिकांच्या नाही, कारखान्यांच्या तसबिरी होत्या: चढत जाणाऱ्या, पडत जाणाऱ्या निळ्या रेषा. मधोमध बाबासाहेब.

विंचूरजवळच्या खेड्यातून तो चौदाव्या वर्षी वसतिगृहात आला होता. शीक, म्हणजे माणूस होशील, असं त्याला सांगितलं गेलं. तो शिकला. पण झालास माणूस, आता जरा बस, असं त्याला पुढं कुणी सांगितलं नाही. त्यामुळे तो थांबलाच नाही. त्याची एक वही होती, तिच्यात रोज एक ओळ. वर मथळा: आजची सुधारणा. "इंग्रजी शब्द दहा." "चहा दोनऐवजी एक." "वत्सलाशी बोलताना आवाज खाली."

ती ओळ त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, एकदा वाचली. "अहो, माझ्याशी हळू बोलायला वही कशाला लागते?" त्या म्हणाल्या. "मी हाय ना हितं."

१९७९ साली त्यानं धाकट्या भावाला, सावळीरामला, गावाकडून आणलं. आयटीआयला घातलं, फिटर केलं. अंबडच्या एका पंपाच्या कारखान्यात चिकटवलं. कॉलनीतच दोन घरं टाकून खोली मिळवून दिली. आणि दर वर्षी चौदा एप्रिलला त्याला एक पुस्तक द्यायचा, खाकी कव्हर घालून, पहिल्या पानावर सही करून. व्यक्तिमत्त्व कसं घडवावं. वेळेचा सदुपयोग. सावळीराम दोन्ही हातांनी पुस्तक घ्यायचा आणि ट्रंकेत ठेवायचा.

१९८६च्या दसऱ्याला कचेरीत कॉम्प्युटर आला. शेठनी नारळ फोडला, पडद्याच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं उठली. कॉम्प्युटर शिकवायला आलेल्या पोरानं ती घाबरून पुसली. खोली गार ठेवायची होती, चपला बाहेर काढायच्या होत्या. धोंडीराम त्या खोलीत विहारात जावं तसा गेला. इथं जात विचारली जात नव्हती, आवाज चढत नव्हता. आकडा बरोबर असला की ते यंत्र त्याला मान्य करत होतं. ताळेबंदातले बारा रकाने त्यात भरायचे. धोंडीरामनं शेठना गळ घालून तेरावा घालून घेतला: सायकली.

कॉम्प्युटर शिकायचा तर रोज नऊला कचेरीत बसायला हवं होतं. त्या आठवड्याच्या वहीत ओळ आहे: "कारखान्याची फेरी दोन तासांऐवजी पंधरा मिनिटं. दररोज पावणेदोन तास वाचले." खाली त्यानं दोन रेघा मारल्यात.

तो आठला पोचे, मोजे आणि निघे.

१९८७च्या जूनमध्ये विहारात रविवारची बैठक झाली. विषय अभ्यासिकेचा होता. कॉलनीतल्या पोरांना घरात अभ्यासाला जागा नव्हती. एका खोलीत सहा माणसं आणि एक रेडिओ. नऊ वर्षं लोकांनी थोडे थोडे करून चौदा हजार जमवले होते. बायकांनी खुरपणीच्या रोजातून दिले होते. बांधकामाला आणखी पाच हजार कमी पडत होते. तोवर पैसे कुठं ठेवायचे, हा प्रश्न होता.

"बँकेत ठेवू," कुणीतरी म्हणालं.

"बँक काय देती? वाळलेला शेंगदाणा," भिमाजीतात्या म्हणाले. "आपला धोंडीराम असताना बँक कशाला? बोल रं, तुझं ते यंत्र काय म्हनतं?"

धोंडीराम उठला. दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद त्यानं उलगडला. तो इतका लांब होता की दुसरं टोक सावळीरामला धरावं लागलं. सावळीरामच्याच कारखान्यानं लोकांकडून ठेवी मागवल्या होत्या. व्याज पंधरा टक्के. ताळेबंद ठीक. "सायकली दोनशे बारा," धोंडीराम म्हणाला. "सात महिन्यांत एकही कमी नाही. मी स्वतः मोजल्यात. ह्याचीही त्यात आहे, निळ्या सीटकव्हरची."

लोक हसले. सावळीरामही हसला. हात वर करा म्हटल्यावर त्यानंही केला.

पावसाळ्यात वत्सलाबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजींच्या डब्याच्या पिशवीला कांद्याचा वास मारतो."

"भाकरीबरोबर कांदा नेतो तो."

"तसला नाय. गोणीचा. आडतीतला."

धोंडीराम तेव्हा इंग्रजी शब्द पाठ करत होता.

ऑक्टोबरमध्ये व्याजाचा पहिला चेक आला आणि बँकेतून न वटता परत आला. धोंडीराम दुसऱ्याच दिवशी अंबडला गेला. कचेरीतून थेट निघाल्यामुळे पोचायला साडेदहा झाले. सायकल स्टँड रिकामा होता. लोखंडी पाइपांच्या रांगा उन्हात उघड्या पडल्या होत्या. त्याला प्रथम वाटलं, आपण फाटक चुकलो. मग त्यानं चप्पल काढली आणि पाय जमिनीला लावला. जमीन गप्प होती.

"आज सुट्टी आहे का?" त्यानं वॉचमनला विचारलं.

"ले-ऑफ हाय साहेब. काम बंद, नुसता अर्धा पगार. फेब्रुवारीपासून."

"सकाळी तर सायकली असतात!"

"असत्यातच ना. आठला येऊन हजेरीची सही केली नाय तर तो अर्धा पगारबी बुडतो. सही करत्यात, घडीभर बसत्यात, नवाला पांगत्यात." वॉचमननं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही येता की रोज. मला वाटायचं लेबर हापिसातलं कुणी हाय. मग थांबत का नव्हता?"

धोंडीरामनं चप्पल पुन्हा पायात सरकवली. दोनशे बारा माणसं काम नसताना कामावर येत होती, आणि त्यांची हजेरी तो चालू कारखाना म्हणून नोंदत होता.

त्या संध्याकाळी साडेपाचला, नेहमीच्या वेळी, सावळीराम डबा हँडलला अडकवून आला. धोंडीराम त्याच्या ओट्यावर बसला होता.

"हात बघू," तो म्हणाला.

सावळीरामनं हात पुढं केले. बोटांना सुतळीचे काप गेले होते.

"पंचवटीत गोण्या शिवतो, दादा. आडतीत."

"बैठकीत कागदाचं टोक धरून उभा होतास. का बोलला नाहीस?"

"सायेब म्हनले, ठेवी आल्या की मशिनी चालू. मला वाटलं, व्हईल चालू. पैसं पन वाचतील, मी पन वाचंन."

"त्याच्या आधी? फेब्रुवारीत? मी मेलो होतो का?"

सावळीराम सायकलची घंटी उगाच पुसत राहिला. "तुला सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तू मला पुस्तक दिलं असतंस."

धोंडीराम उठून घरी गेला. वत्सलाबाईंनी वाढलेलं ताट त्यानं तसंच ठेवलं. "आता रविवारी काय सांगणार?" त्यांनी विचारलं. तो भिंतीवरच्या निळ्या रेषांकडं पाहत बसला. सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते खरंही होतं. भावाला माहीत होतं, तो बोलला नाही. एवढं वाक्य उच्चारलं की चौदा हजारांचा भार आपल्या खांद्यावरून सावळीरामच्या खांद्यावर जाणार होता. चौदा वर्षं मिळवलेलं नाव वाचणार होतं. सावळीरामला मात्र मग या कॉलनीत राहता आलं नसतं.

रविवारी विहार भरला होता. धोंडीराम उभा राहिला. हातात कागद नव्हता.

"कारखाना फेब्रुवारीपासून बंद आहे. मी आठ वाजता मोजायचो आणि निघून यायचो. दहापर्यंत थांबलो असतो तर कळलं असतं. पूर्वी थांबायचो."

मग मागून एक बाई म्हणाली, "माझे सव्वीस रुपये होते त्यात." तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

भिमाजीतात्यांनी चष्मा काढला. "पन धोंडीराम, तुझा भाऊ तिथंच कामाला. त्याला ठावं नव्हतं व्हय?"

सगळ्या माना वळल्या. सावळीराम भिंतीला टेकून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, काही मोजत असल्यासारखे.

"त्याला मी विचारलंच नाही," धोंडीराम म्हणाला. "सात महिने त्याची सायकल मोजली. त्याला विचारलं नाही."

हेही खरंच होतं. तात्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पुढं विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पैसे बुडाले. कोर्टकचेरी आजही चालू आहे. धोंडीरामनं त्याच बैठकीत सांगून टाकलं की अभ्यासिका होईपर्यंत माझी पुढची खोली घ्या. वत्सलाबाईंनी चूल, अंथरूण आणि स्वतःचं तोंड, तिन्ही मागच्या खोलीत नेलं. महिनाभर त्या नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. ग्राफपेपर उतरले. बाबासाहेब तिथंच राहिले. सावळीरामनं लोखंडी पट्ट्या कापून मांडणी ठोकली. तिच्यात सगळ्यात आधी त्यानं आपल्या ट्रंकेतली आठ पुस्तकं आणून ठेवली. खाकी कव्हरांच्या घड्या अजून कडक होत्या.

धोंडीराम नोकरीत राहिला. मात्र शेठना सांगून त्यानं यंत्रातला तेरावा रकाना काढायला लावला. "का रे? तुझाच तर होता," शेठ म्हणाले. सकाळी तो पुन्हा दहापर्यंत फाटकाशी थांबू लागला. चहावाल्याला, वॉचमनला, सही करून बाहेर येणाऱ्या कुणालाही विचारू लागला, काय चाललंय?

संध्याकाळी मुलं त्याच्या खोलीत मोठ्यानं वाचत असत. तो बाहेर पायरीवर बसे. साडेपाचला सावळीराम पंचवटीहून येई, सायकल भिंतीला लावे, शेजारी टेके. कांद्याचा वास येई.

"काय चाललंय?" धोंडीराम विचारी.

"चाललंय," सावळीराम म्हणे. याच्यापुढं काय विचारायचं, ते धोंडीरामला अजून जमलेलं नव्हतं.