संगणकातल्या विमानाचं सुतक

वसमतला आमच्या शेजारी हळदीचे एक व्यापारी राहतात. फावल्या वेळी ते संगणकावर पुढं पंखा फिरणारं जुनं लढाऊ विमान उडवतात. ते डावीकडं ओढतं, म्हणून खालच्या पेडलवर उजवा पाय दाबून धरावा लागतो; ती सवय त्यांना जेवतानाही सुटत नाही. विमान कोसळलं की संगणकावर चादर टाकून दहा दिवस सुतक पाळतात, दाढीसुद्धा करत नाहीत.

"विमान खरं, तर मरणबी खरं," म्हणतात.

परवा म्हणाले, "बसा भाऊ, आज तुमी उडवा."

मला स्कूटर स्टँडवर लावायलाही बायको लागते. तरी बसलो. वर गेलो तसा फुगलोही. उतरताना मात्र वेग पडला आणि विमान एका अंगाला कलंडलं.

"धरा ना तुमी!" मी ओरडलो.

ते मागं हात घट्ट बांधून उभे होते. उजवा पाय मात्र फरशी दाबत होता. "न्हाई. तुमचं मरण मी काहून अडवू?"

जमीन अंगावर आली. पडदा काळा झाला. त्यांनी चादर आणली.

"आता सुतक कुणाला?" मी हसून विचारलं.

"मेलेल्याला कसलं सुतक? मला."

तेव्हापासून मी गुळगुळीत दाढी करून त्यांच्या दुकानावरून जातो आणि ते खुंट वाढवून बसलेले असतात. घरी तरी माझं इतकं कुणी पाळेल का, कोण जाणे.