मॅपवर दुकान आणताना

लोकांना वाटतं, आमचं काम कॉम्प्युटरसमोर बसून होतं. मोबाईलवर कुणी ‘जवळचा टेलर’ नाहीतर ‘जवळची खानावळ’ शोधली, की आमच्या माणसाचं दुकान वर दिसलं पाहिजे, एवढंच ते काम. पण त्यासाठी दुकानादुकानात स्टुलावर बसून चहा प्यावा लागतो. मी नांदेडची बाजू बघते, माझा पार्टनर शकील लातूरची. शनिवारी दोघं भेटलो की कामाचं राहतं बाजूला, किस्सेच निघतात. आठवडाभरात एखादा तरी साचतोच!

धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याला मी म्हणाले, “शेठ, दुकानाचा चांगला फोटो टाका. लोक फोटो बघून येतात.”

शेठनी स्वतःच टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी फोन सुरू. “शेठ गेले? अहो, परवाच तर बोलणं झालं!” एक जुनं गिऱ्हाईक तर फोनवरच रडायला लागलं. मी मॅप उघडून बघते, तर हार घातलेला फोटो! शेठच्या वडिलांचा. बाप-लेकाचा चेहरा सेम टू सेम.

“शेठ, दुकानाचा फोटो टाका म्हणाले होते मी!”

“मंग? दुकान त्यांचंच हाय. मी नुसता बसतो.”

देगलूरचे एक किराणावाले मात्र एकदम खूश होते. गल्ल्यावर बसून ‘जवळचं किराणा दुकान’ शोधायचे आणि येईल त्याला दाखवायचे, “बघा, पयला नंबर आपलाच!” गल्ल्यावर बसून शोधल्यावर दुसरं कोण येणार?

एकदा ते सासुरवाडीला उदगीरला गेले. तिथं मेव्हण्यांना दाखवायला गेले, तर दुकान यादीतच नाही. घाबरून मला फोन. “ताई, सकाळी तर होतं की हो! गेलं कुठं?”

म्हटलं, “दुकान तिथंच आहे. गेलात तुम्ही!”

इस्लापूरच्या मारुतरावांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. सहस्रकुंड धबधब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची खानावळ. मी तेव्हा गावाला गेले होते, म्हणून शकीलनं फोनवरच मॅपवर त्यांची पिन, म्हणजे जागेची खूण, लावली. पहिल्याच रविवारी एका कुटुंबाचा मारुतरावांना फोन आला. “आम्ही पाण्यापाशी आलो. मॅप म्हणतोय, अजून पुढं चला.”

“चलू नका!” मारुतराव ओरडले. “पोरांचे हात धरा, हाय तिथंच थांबा!” हातातला झारा टाकून ते मोटारसायकलवर सुटले. सगळ्यांना घेऊन आले, पोटभर जेवू घातलं, मगच आम्हाला फोन केला.

आम्ही आधी पिन काढली, मग विचारलं, हे झालं कसं?

“शकीलभाई म्हणले, आहात तिथून लोकेशन पाठवा. मी नदीतल्या खडकावर बसून आंघोळ करून राहिलो होतो. होतो तिथून पाठवलं!”

लातूरच्या विमलताई लेडीज टेलर. शकीलनं त्यांना शिकवलं, की वाईट रिव्ह्यू आला तरी चिडायचं नाही, शांतपणे उत्तर द्यायचं. एका नवरीनं एक स्टार दिला. ‘ब्लाऊज घट्ट झाला. माप चुकलं.’

विमलताईंनी खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘अभिनंदन. लग्न ठरल्याचा आनंद तुमच्या अंगी लागलाय. माप साखरपुड्याआधीचं होतं. या, सैल करून देते.’

नवरी आली. ब्लाऊज सैल करून घेतला. स्टार काही तिनं वाढवला नाही, पण येताना दोन बहिणींचं शिवणकाम घेऊन आली!

आता गायकवाड बंधू. लातुरातच मोटार रिवायंडिंगची दुकानं. वडिलांचं एकच दुकान होतं, मधोमध भिंत घालून दोन झाली. मिलिंददादा थोरले, राजरत्न धाकटा. कित्येक वर्षं बोलणं बंद. कारण दोघंही सांगत नव्हते. दोन्ही पाट्यांवर नाव मात्र तेच, ‘गायकवाड रिवायंडिंग’.

नाव एक, जागा एक. मॅपनं दोन्ही दुकानं एकच समजून टाकली! फोन नंबर राहिला फक्त दादांचा.

ऐन उन्हाळा. पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन शेतकऱ्यांची रांग. राजरत्नची गिऱ्हाइकं मॅपवरचा नंबर बघून दादांना फोन करायला लागली. “माझी मोटार झाली का?” आता दादा काय करणार? पहिल्या दिवशी त्यांनी पाना घेऊन भिंतीवर ठोकलं. “निलंग्यावाल्याची मोटार झाली का, इचारायलेत!”

पलीकडून आवाज आला, “संध्याकाळी न्या म्हणा.”

दिवसभर हेच चालायचं. इकडून ठोकायचं, तिकडून उत्तर.

खटपट करून मॅपवर दोन्ही दुकानं वेगळी दाखवायला शकीलला बरेच दिवस लागले. शेवटी दोन पिना, दोन नंबर. दोघांनी वेगवेगळे आभार मानले.

पुढच्याच आठवड्यात दादांचा फोन. “शकीलभाई, ते परत पयल्यासारखं करता येतं का?”

“का दादा? गिऱ्हाईक कमी झालं?”

“न्हाई, न्हाई. गिऱ्हाईक लई हाय. नुसते त्याचे फोन माझ्याकडं आले तर चालतंय का?”